गॅट्सबी ‘निव्वळ’ प्रेमकथा?

शेवंती: “‘द ग्रेट गॅट्सबी’ ही निव्वळ प्रेमकथा. तीत वंश आणि वर्ग शोधणाऱ्यांनी कादंबरी वाचलेलीच नसते,” असं मुसाफिर काल म्हणाले. वाचून डोकं फिरलं. अहो, पहिल्याच प्रकरणात जेवता जेवता टॉम, म्हणजे गॅट्सबी जिच्यावर प्रेम करतो त्या डेझीचा श्रीमंत नवरा, बजावतो की सावध राहिलो नाही तर गोरा वंश बुडेल. हे त्याने पुस्तकात वाचलंय, आणि ते पुस्तक गोऱ्यांचं वर्चस्व मानणाऱ्या अमेरिकी लेखक लॉथ्रॉप स्टॉडर्डच्या १९२० सालच्या खऱ्या पुस्तकावर बेतलेलं आहे. १९२४ मध्ये अमेरिकेने कायदा करून दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्या छाटली, आशियाई लोकांना दार जवळपास लावूनच घेतलं. कादंबरी आली १९२५ ला. लेखक फिट्झजेराल्डने हे शोभेला घातलं का?

मुसाफिर: टॉम खलपात्र आहे. त्याची मतं म्हणजे कादंबरीचा विषय नव्हे. गॅट्सबी गोराच आहे, त्याचं घोडं पेंड खातं ते पैशापाशी. कादंबरीत जुन्या पैशावाले ईस्ट एग गावात राहतात, नवे समोरच्या वेस्ट एगला. डेझीच्या आवाजात पैसा भरलाय, हे तो स्वतःच म्हणतो.

भाऊ अकोलेकर: मग प्लाझा हॉटेलातला प्रसंग काढा. टॉम गॅट्सबीला उपटसुंभ ठरवतो आणि त्याच दमात काळ्या-गोऱ्यांच्या लग्नांवर घसरतो. डेझीची मैत्रीण जॉर्डन पुटपुटते, इथे तर सगळे गोरेच आहोत. टॉमच्या लेखी हलकं कूळ आणि हलका वंश एकच. बरं, गोष्ट सांगणारा निक तर खलपात्र नाही ना? गोऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत तीन काळी माणसं बघून तो हसतो. वुल्फशाइम या ज्यू जुगाऱ्याच्या नाकाचं वर्णनही त्याचंच.

मुसाफिर: वुल्फशाइमचं मान्य. २०१३ च्या सिनेमात ते काम अमिताभने केलं, त्यात हा डंख मला जाणवला नव्हता. पण प्रत्येक पुस्तकाला जात-वंशाची पट्टी लावायची ही खोडच झाली आहे.

भाऊ अकोलेकर: खोड? जेम्स गॅट्झ सतराव्या वर्षी नाव बदलून गॅट्सबी होतो. माझ्या वडिलांनी नोकरी लागल्यावर गावाचं नाव आडनाव म्हणून लावलं. पुण्यात खोली बघायला गेलो. मालकाने भाडं सांगितलं, चहा दिला, मग विचारलं, “मूळ आडनाव काय?” मी सांगितलं. त्याने किल्ली परत खुंटीला अडकवली. माझा चहा अर्धाच झाला होता. टॉम गॅट्सबीचा भूतकाळ उकरतो तिथे मला ती किल्ली दिसते.

न्यूजर्सीकर: वाईट वाटलं, भाऊ. पण जात वेगळी, वंश वेगळा. उगाच एका पोत्यात भरू नका. इथे वीस वर्षं काढलीत, माणसाला कामावरून जोखतात.

भाऊ अकोलेकर: ताई, शंभर वर्षांपूर्वी आला असतात तर? १९२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पंजाबातून गेलेल्या भगतसिंग थिंदला ‘गोरा नाही’ म्हणून नागरिकत्व नाकारलं. तो अमेरिकेच्या सैन्यात होता! आणि त्याच्या बाजूने युक्तिवाद काय झाला? तो उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणून गोरा. जात आणि वंश एका पोत्यात मी नाही भरले.

न्यूजर्सीकर: थिंदचा हा युक्तिवाद मला माहीत नव्हता. पण माझी वीस वर्षंही खोटी नाहीत.

शेवंती: भांडू नका, शेवटचं पान उघडा. डच खलाशांना दिसलेला अमेरिकेचा हिरवागार किनारा निक डोळ्यांसमोर आणतो. तिथे आधीपासून राहणारी माणसं त्या चित्रात नाहीतच.

मुसाफिर: ते पान मला पाठ आहे, आणि हे कधी सुचलं नाही. ‘निव्वळ’ मागे घेतो. ‘प्रेमकथा’ घेणार नाही.