ओळखीचं भूत, अनोळखी भूत: हॅलोविन हॉरर नाइट्सच्या हाउसेसबद्दल अनुभव धागा

धागा काढताना

फ्लोरिडातल्या ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओ या थीम पार्कात १९९१ साली 'फ्राइट नाइट्स' या नावाने तीन रात्रींचा कार्यक्रम झाला. तेव्हा आत भुताचं घर एकच होतं, 'डंजन ऑफ टेरर'. पुढच्याच वर्षी त्याचं नाव 'हॅलोविन हॉरर नाइट्स' झालं, आणि आता दर मोसमात दहा हाउसेस उभी राहतात. २०२५ मध्ये त्यांची वाटणी निम्मी-निम्मी होती. पाच हाउसेस परवाना घेऊन केलेली, म्हणजे सिनेमा, मालिका, व्हिडिओ गेम किंवा कुस्तीच्या कार्यक्रमातली पात्रं. जाणारे त्यांना 'आयपी' म्हणतात. उरलेली पाच पार्कच्या लोकांनी स्वतः रचलेली, म्हणजे 'ओरिजिनल'.

दोन्हींत नेमका फरक कशाने पडतो, हे जाणकारांकडून हवं आहे. 'जाम भारी होतं' एवढं पुरणार नाही. भीती कुठे लपवली होती, कशाने बसली, कुठे फसली ते लिहा. पहिल्यांदा जाणाऱ्याला उपयोग झाला पाहिजे.

ऑरलँडोजवळून

सुरुवात बू-होलपासून करते, कारण सगळं हाउस त्याभोवती बांधलेलं असतं. बू-होल म्हणजे भिंतीतली अशी फट, खिडकी किंवा पडद्यामागची जागा, जिथून घाबरवणारा नट बाहेर येतो. तिथे उभ्या स्केअरअ‍ॅक्टरला येणारी माणसं दिसली पाहिजेत आणि माणसांना तो दिसता कामा नये. हाताशी किंवा पायाशी एक बटण असतं. ते दाबलं की त्याच क्षणी आवाज होतो आणि प्रकाश पडतो. समोरच्या बाजूला लक्ष वेधणारं काहीतरी मांडलेलं असतं: हलणारं प्रेत, लुकलुकणारा दिवा, तुटका आरसा. तुम्ही तिकडे पाहता आणि तो इकडून येतो.

आता यात आयपी कुठे अडखळतं ते पाहा. 'हॅलोविन' या १९७८च्या सिनेमाचं हाउस २०२२ मध्ये होतं. पांढऱ्या मुखवट्याचा मायकेल मायर्स एकच, पण हाउसमध्ये तो खोलीखोलीत हवा, म्हणजे एकाच वेशात बरेच नट लागतात. दोन बू-होल जवळजवळ असतील आणि तुम्ही नेमके मधल्या जागेत असाल, तर डावीकडचा मायकेल आत सरकत असतानाच उजवीकडचा बाहेर येतो. एकाच वेळी दोघे दिसले की भीती तिथेच संपते. म्हणून अशा हाउसमध्ये वळणं जास्त हवीत आणि एका खोलीत एकच दर्शन हवं.

त्याच वर्षीचं 'डेड मॅन्स पिअर: विंटर्स वेक' ओरिजिनल होतं, कोळ्यांच्या गोठलेल्या धक्क्याचं. तिथे मेलेले खलाशी हवे तितके असू शकतात. एक गेला आणि लगेच दुसरा आला तर उलट जास्तच भीती वाटते. ही सूट ओरिजिनलला फुकट मिळते.

मुखवट्याचं पात्र मात्र आयपीत सगळ्यात सोयीचं. अंगकाठी जुळली की कुठलाही नट चालतो. पात्राचा चेहरा उघडा असेल आणि तो चेहरा लाखो लोकांच्या ओळखीचा असेल, तर अंधार वाढवावा लागतो किंवा पुतळा ठेवावा लागतो. 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या हाउसमध्ये मुलांपेक्षा डेमोगॉर्गन हा राक्षस जास्त पटतो, त्याचं कारण हेच.

नेपथ्य करणारा, पुण्यातून

आपल्या नाटकाच्या भाषेत सांगायचं तर हाउस म्हणजे फ्लॅट (नेपथ्याच्या खोट्या भिंती) आणि विंगा यांचा लांबलचक बोळ. फरक एवढाच की प्रेक्षक चालतो आणि नट जागेवर असतो. त्यामुळे गणित वेळेचं आहे.

ताशी हजार माणसं आत सोडायची असं धरा. म्हणजे ३.६ सेकंदांना एक माणूस. नटाला बाहेर येऊन, आत जाऊन, फळी लावून पुन्हा तयार व्हायला आठ सेकंद लागले, तर प्रत्येक झटक्यानंतर दोन-तीन माणसं कोरडी जातात. हाउस मिळमिळीत होतं असं वाटणाऱ्या बऱ्याच जणांचं नशीब या आठ सेकंदांत अडकलेलं असतं. उपाय दोन. एक, जवळच दुसरा नट ठेवून आळीपाळीने सोडणं. दोन, लहान हालचाल: पूर्ण बाहेर येण्याऐवजी फक्त हात किंवा डोकं, जे दोन सेकंदांत परत जातं.

ओरिजिनल रचताना आधी ही वेळ बांधता येते आणि मग तिच्यावर गोष्ट चढवता येते. आयपीत प्रसंग आधीच ठरलेला असतो. लोकांना तीच खिडकी, तोच जिना, तोच जेवणाचा टेबल पाहायचा असतो. तो प्रसंग परत मांडायला वेळ घेणारा असेल तर काहींना दिसतो, काहींना नुसता त्याच्यानंतरचा रिकामा टेबल. शिवाय मुखवटा, पोशाख, खोलीतला महत्त्वाचा ऐवज यांना हक्क असलेल्या कंपनीची मंजुरी लागते. तालमीत एखादी गोष्ट बसत नाही म्हणून ती चटकन बदलता येत नाही. ओरिजिनलमध्ये बदलणारी माणसं त्याच इमारतीत बसलेली असतात.

जागेचाही मोठा फरक पडतो. ऑरलँडोत काही हाउसेस चित्रीकरणाच्या बंदिस्त स्टेजवर असतात, काही मोठ्या तंबूत. स्टेजला उंची मिळते, म्हणून पहिल्याच दृश्यात दुमजली घर किंवा अख्खं जहाज उभं करता येतं. तंबूत छत खाली असतं. तिथे बोगदे, तळघरं, गुहा, गटारं शोभतात. धूर दोन्हीकडे लागतो, पण जास्त झाला तर दिव्याचे झोत स्पष्ट दिसतात आणि नट कुठे उभा आहे याचा पत्ता लागतो. कमी झाला तर फ्लॅटचे सांधे दिसतात. दर काही मिनिटांनी दार उघडत असेल तर तो एका बाजूला ओढलाही जातो.

लॉस अँजलिसकडून

हॉलिवूडच्या युनिव्हर्सलमध्ये आयपीचं पारडं जड आहे आणि त्यामागे कारण आहे: खरा स्टुडिओ तिथेच आहे. टेरर ट्रॅम या स्टुडिओ फिरवणाऱ्या गाडीतून उतरून तुम्ही प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या जागेत चालता, 'सायको' सिनेमातलं घर समोर दिसतं. ओळखीच्या दृश्याचं वजन तिथे कुणाला समजावून द्यावं लागत नाही.

आयपीची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहिते. ओळखीच्या पात्राची भीती हाउसच्या दारात सुरू होत नाही, ती रांगेतच सुरू झालेली असते. करवतीचा आवाज भिंतीपलीकडून आला की काय आहे ते सगळ्यांना कळतं, आणि माहीत असूनही पाय जड होतात. ओरिजिनलला ही पूर्वतयारी स्वतः करावी लागते, आणि तीही पहिल्या दोन खोल्यांत, कारण सगळं हाउस चार-पाच मिनिटांत संपतं. 'हे कोण आहेत, इथे काय झालंय' हे तेवढ्यात कळलं नाही तर पुढच्या खोल्या म्हणजे नुसते झटके. माझ्या मते ओरिजिनल पडतं ते बहुधा इथे. चांगलं ओरिजिनल पहिल्या दर्शनी भागातच एका वाक्यात सांगता येतं: सडका धक्का, कँडीचा कारखाना, कठपुतळ्यांचं पडकं थिएटर.

पण या दोन खणांत न बसणारा तिसरा प्रकार हॉलिवूडनेच चांगला केला आहे: लोककथा. 'ला योरोना', म्हणजे मुलांना बुडवून रडत फिरणारी बाई, हिचं हाउस तिथे २०११ मध्ये होतं. २०२३ मध्ये 'मॉन्स्ट्रुओस' आलं, त्यात एल सिल्बोन आणि ला लेचुसा अशी लॅटिन अमेरिकेतली भुतं होती. यावर कुणाचाच हक्क नाही, परवाना नको, आणि कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन कुटुंबांना ही भुतं आजीकडून ठाऊक असतात. ओळख आयपीची, मोकळीक ओरिजिनलची. २०२४ मध्ये 'मॉन्स्ट्रुओस' ऑरलँडोलाही गेलं.

सिंगापूरहून

वरच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. इथल्या युनिव्हर्सलमध्ये हा कार्यक्रम २०११ पासून आहे. पोंतियानाक, म्हणजे बाळंतपणात मेलेल्या बाईचं भूत, इथे घरोघरी माहीत. आपल्याकडची हडळ डोळ्यांपुढे आणा, बरंचसं कळेल. भूत कुठल्या दिशेने येणार हे सांगणारे संकेत गोष्टीतच असतात, आणि रचनाकार तेच उलटे वापरू शकतो.

२०१६ मध्ये 'हॉकर सेंटर मॅसेकर' होतं. तिथे भूत अनोळखी होतं पण जागा रोजची, जिथे अर्धं शहर जेवतं. प्लॅस्टिकचे स्टूल, स्टॉलवरच्या पाट्या, तेलाचा वास. जागेची ओळख असेल तर पात्राची ओळख लागत नाही, हे त्यावरून पटावं. 'कोण आहेत' हे समजावण्यात एकही खोली खर्च झाली नाही.

ब्यूना पार्कच्या बाजूने

नॉट्स बेरी फार्म या कॅलिफोर्नियातल्या पार्कचा हॅलोविन १९७३ पासून चालू आहे आणि तिथे भर ओरिजिनलवरच असतो. एक फरक नोंदवतो. ऑरलँडोत मोसम संपला की दहाही हाउसेस पाडतात. नॉट्समध्ये एकच मेझ (हाउसला तिथे असं म्हणतात) काही वर्षं चालतं, दर वर्षी खोल्या बदलत जातात. जिथे लोक पुढे सरकत नाहीत, जिथे झटका चुकतो, ते पुढच्या वर्षी दुरुस्त होतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीचं मेझ पहिल्यापेक्षा घट्ट होतं. शिवाय पार्कातल्या घोस्ट टाउन या भागाच्या धुक्यात गुडघ्यांवर धातूच्या पट्ट्या बांधून घसरत येणारे स्लायडर तिथलेच. त्यांना गोष्ट लागत नाही. सिमेंटवर धातू घासल्याचा आवाज पुरतो.

ऑरलँडोजवळून, पुन्हा

दोन गोष्टी राहिल्या.

'डेड एक्स्पोझर: पेशंट झिरो', २०१८. तिथे अंधार आणि डोळे दिपवणारा लखलखाट हाच खेळ होता; झोंबी फक्त त्या क्षणापुरते दिसत. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ते सगळं पुसून टाकतो. म्हणजे प्रत्येक झोतानंतर तुम्ही नव्याने आंधळे. परवान्याच्या हाउसमध्ये हे करणं फार अवघड, कारण पैसे देऊन घेतलेलं पात्र नीट दिसावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. माझ्यासाठी ओरिजिनलच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा हाच.

उलट बाजूला 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन', २०१३, पुन्हा २०१५. लांडग्याचा पोशाख माणसाच्या अंगावर चढवता येत नाही, म्हणून भिंतीमागून नट चालवत असलेल्या मोठ्या बाहुल्या वापरल्या. सिनेमाने अडचण घातली आणि त्यातूनच नवं तंत्र बसलं. तेव्हा बंधन दर वेळी वाईटच असतं असं नाही.

हक्कांबद्दल, थोडक्यात

युनिव्हर्सल मॉन्स्टर्सना कुठल्या खणात टाकायचं यावर वाद होतो. फ्रँकेनस्टाइनची नवरी, लांडगामानव ही पात्रं कंपनीची स्वतःचीच, त्यामुळे ओळखीची असूनही नव्या गोष्टीत मोकळेपणाने फिरवता येतात. २०२३चं 'ड्युएलिंग ड्रॅगन्स' त्याहून गमतीचं: शेजारच्या आयलंड्स ऑफ अ‍ॅडव्हेंचर पार्कमधल्या, २०१७ मध्ये बंद झालेल्या रोलर कोस्टरवर बेतलेलं, शेवटाकडे आग की बर्फ अशी वाट निवडायची. सिनेमा नाही, तरी जुन्या लोकांसाठी पूर्ण ओळखीचं.

ओरिजिनल कंपनीकडेच राहतं, हाही फायदा. 'स्केअरक्रो: द रीपिंग' २०१७ मध्ये ऑरलँडोत झालं, पुढे हॉलिवूडला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये लास वेगासला उघडलेल्या बारमाही 'हॉरर अनलीश्ड'मध्येही ते आहे. कुणाची परवानगी नूतन करावी लागली नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑरलँडोचं लिहिते. रांगा आयपीच्या लांब असतात, विशेषतः त्या वर्षी गाजत असलेल्या मालिकेच्या किंवा गेमच्या. दिवसाचं तिकीट असेल तर संध्याकाळी पार्कात थांबून राहण्याची 'स्टे अँड स्क्रीम'ची सोय घ्या; बाहेरची गर्दी आत यायच्या आधी काही हाउसेस उघडतात. त्या वेळात सगळ्यात लांब रांगेचं आयपी उरका. मधल्या तासांत, साधारण आठ ते साडेदहा, रांगा सगळ्यात वाईट असतात. तेव्हा खा, शो पाहा, स्केअर झोनमधून, म्हणजे नट मोकळे फिरतात अशा उघड्या रस्त्यांवरून, हळू चाला. ओरिजिनल उशिरासाठी ठेवा. शेवटच्या तासात गर्दी विरळ होते आणि वर सांगितलेलं ३.६ सेकंदांचं गणित तुमच्या बाजूने फिरतं.

आत पुढच्या माणसाच्या पाठीला चिकटू नका. पाच-सहा फूट अंतर राहिलं तर नटाला तयार व्हायला वेळ मिळतो. चिकटलात तर पुढच्याला बसलेला झटका तुम्ही फक्त बघता. मुद्दाम थांबू मात्र नका, कर्मचारी हात दाखवून पुढे काढतात आणि मागच्यांची लय बिघडते. हाउस आवडलं तर दुसऱ्यांदा वेगळ्या वेळी जा: नटांच्या पाळ्या बदलतात आणि तीच खोली वेगळी वाटते.

सप्टेंबरमध्ये फ्लोरिडात वादळी पाऊस येतो. हाउसेस आत आहेत पण रांगा बहुतेक उघड्यावर, म्हणून घडी होणारा रेनकोट आणि भिजले तरी चालतील असे बंद बूट. पाहुण्यांनी वेश किंवा मुखवटा घालून येऊ नये असा नियम आहे. १३ वर्षांखालच्या मुलांना आणू नये असं पार्कच सांगतं, ते मनावर घ्या. ज्यांना लखलखत्या दिव्यांनी फिट येण्याचा धोका आहे त्यांनी दारातल्या कर्मचाऱ्याला आधी विचारावं. स्ट्रोब जवळजवळ सगळ्याच हाउसेसमध्ये असतो.

नेपथ्य करणारा, पुण्यातून

अंतराच्या सल्ल्याला एक पुरवणी. चारच्या गटात असाल तर सगळ्यात घाबरणाऱ्याला तिसरा ठेवा. नट पहिल्याकडे पाहून ठरवतो आणि दुसऱ्या-तिसऱ्यावर येतो. आणि दर्शनी भागासमोर दहा सेकंद थांबायला मिळालं तर वर बघा, दारावरची पाटी वाचा. ओरिजिनलची निम्मी गोष्ट तिथे लिहिलेली असते आणि बहुतेक लोक फोन खिशात ठेवण्याच्या नादात ती चुकवतात.