एकाच बिल्डिंगचे १४ पेशंट, नकाशावर टिंब एकच. थ्रीडी मॅपिंग कसं करायचं?

नकाशेवाली:
नमस्कार मंडळी, एका संस्थेसोबत टीबीच्या सर्व्हेचं काम करतेय, एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) सात मजली बिल्डिंगा आहेत आणि दोन बिल्डिंगांच्या मधे एवढीशी फट की तळमजल्यावर लोक भर दुपारी ट्यूब लावून बसतात. पत्ते क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) टाकले तर एका बिल्डिंगचे सगळे १४ पेशंट एकावर एक येतात, टिंब दिसतं एकच. पहिला मजला काय नि सातवा काय, सगळं सपाट. प्रत्येक मजल्याला ३ मीटर धरून झेड व्हॅल्यू (म्हणजे उंची) दिली तर भागेल का? कुणी केलंय असं काही?

उभापाइप:
झेड द्याच ताई, पण नुसत्या उंचीवर थांबू नका. मी ड्रेनेजची ड्रॉइंग्ज करतो त्यामुळे मला हाँगकाँगचं अमॉय गार्डन्स पाठ आहे, उंच बिल्डिंगांची वसाहत, २००३ चा सार्स (श्वसनाचा साथीचा आजार). ३०० च्या वर लोकांना लागण झाली, सगळ्यात जास्त ई ब्लॉकमध्ये, ३३ मजले आणि मजल्यावर ८ घरं. मार्चमध्ये एक पेशंट तिथे भावाकडे येऊन गेला, त्याला जुलाब होत होते. आता केसेस मजल्यावार मोजल्या तर कळतं एवढंच की मधल्या नि वरच्या मजल्यांवर जास्त आहेत, पण घरं उभ्या ओळीत लावली की ७ आणि ८ नंबरच्या ओळी डोळ्यात भरतात. कारण मैल्याचा पाइप ओळीप्रमाणे वरून खाली जातो. लोक बाथरूमची फरशी धुवत नव्हते, नुसती पुसायचे, त्यामुळे नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालचा बाक, त्यातलं पाणी पाइपाची हवा अडवतं) पाणी सुकलं, मग एक्झॉस्ट फॅन लावला की पाइपातली हवा आत यायची आणि फॅन तीच बाहेर डक्टमध्ये (बिल्डिंगीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत) फेकायचा, तिथून ती गरम दमट हवा वर चढायची. तर तुमच्या टेबलात मजल्याशेजारी एक कॉलम ओळीचा ठेवा, १०३, २०३, ३०३ ही एक ओळ.

वॉर्डातली_सिस्टर:
वरचं सगळं बरोबर आहे पण टीबी ड्रेनेजमधून येत नाही, तो खोलीतल्या कोंदट हवेतून येतो, म्हणून पाइपाची ओळ टीबीला जशीच्या तशी लावू नका. तुम्हाला हवंय ते हे की खिडकी कुठे उघडते, समोरची भिंत किती लांब आहे आणि ऊन येतं का. मानखुर्द-गोवंडीकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडचा अभ्यास बघा, डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी बॉम्बेच्या लोकांनी केलेला, त्यात दाटीवाटीच्या बिल्डिंगा आणि खालच्या मजल्यांवरचा टीबी हेच आलंय.

आणि घराघरात माणसं किती ते आधी लिहा. एका खोलीत नऊ जण आणि वरची खोली कुलूपबंद असेल तर नुसत्या केसेस मोजून काय हाती लागणार?

नकाशेवाली:
खिडकीचा कॉलम फॉर्ममध्ये नव्हताच आमच्या 😔 फ्लॅट नंबर तरी आहेत, ओळी लावता येतील. मग आता प्रत्येक घराचा वेगळा चौकोन काढून वर उचलायचा का? बिल्डिंगचे कमिटीवाले पण म्हणतायत की नकाशा झाला की आम्हाला ग्रुपवर टाका.

उभापाइप:
हो, एका मजल्याचा प्लॅन मिळवा (नाही मिळाला तर टेप घेऊन मोजा, अर्ध्या दिवसाचं काम), घराघराचे चौकोन काढा, तेच कॉपी करून प्रत्येक मजल्याला झेड द्या आणि थ्रीडी व्ह्यूमध्ये एक्सट्रूड करा (चौकोनाला उंची देऊन खोका उभा करा). शेजारच्या बिल्डिंगा पण उभ्या करा, नाहीतर सावली कशी कळणार. हवा कुठून कुठे जाते ते बघायचं असेल तर कॉन्टॅम म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, पण ते नंतर.

वॉर्डातली_सिस्टर:
ग्रुपवर अजिबात टाकू नका!! सपाट नकाशात निदान बिल्डिंगच कळते, तुमच्या नकाशात ४०३ लाल दिसला की संपलं. टीबी झालाय कळल्यावर पोरीचं ठरलेलं लग्न मोडलेलं मी स्वतः पाहिलंय, औषधं पूर्ण करून ती ठणठणीत बरी झाली तरी. कमिटीला द्यायचंच तर पेशंटचा रंग काढून टाका, कुठल्या घरात ऊन-वारा पोचत नाही तेवढाच नकाशा द्या, डक्टमधला कचरा उपसायला त्यांना तेवढा पुरे.

नकाशेवाली:
हे डोक्यातच आलं नव्हतं. दोन वेगळ्या फाइली करते, पेशंटवाली संस्थेच्या कॉम्प्युटरबाहेर जाणार नाही. रविवारी टेप घेऊन जातेय, तळमजल्यापासून सुरुवात.