अप्रेझलमध्ये ईक्यूचा स्कोअर कशाला?

टेस्टर_हिंजवडी:
आमच्याकडे यंदा अप्रेझलला ईक्यू टेस्ट, म्हणजे भावना ओळखण्या-सांभाळण्याची क्षमता मोजणारी टेस्ट, जोडलीये. "दबावाखाली मी शांत राहतो", "समोरच्याच्या भावना मला चटकन कळतात" असली वाक्यं आणि पुढे एक ते पाच. पगारवाढ ज्यावर ठरणार तिथे कोण स्वतःला दोन देईल? ज्या टीम लीडने स्टँडअपमध्ये (रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये) एका फ्रेशर मुलीला सगळ्यांसमोर रडवलं त्याला टीममध्ये सगळ्यात जास्त मार्क, आणि त्याला मनापासून वाटतं की आपल्याला माणसं कळतात. बंद करा हे.

एचआरवाली:
नाही पटलं. स्वतःच स्वतःला मार्क देणं ही एकच पद्धत नाहीये. सॅलोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हे मांडलं तेच मुळी एक क्षमता म्हणून, आणि कारुसोंसोबत केलेल्या त्यांच्या एमएससीईआयटी टेस्टच्या २००२ च्या आवृत्तीत १४१ प्रश्न होते, चेहऱ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायच्या, प्रसंग देऊन काय केलेलं बरं ते विचारतात. डे आणि कॅरोल या संशोधकांनी २००८ मध्ये लोकांना नोकरीसाठी देताय असं समजून टेस्ट द्या म्हटलं, तर स्वतःच्या मार्कांवाल्या टेस्टमध्ये स्कोअर फुगले, एमएससीईआयटीत फुगवता आले नाहीत.

टेस्टर_हिंजवडी:
पण त्यात बरोबर उत्तर ठरतं कशावरून? बहुतेकांनी किंवा तज्ज्ञांच्या गटाने जे निवडलं त्यावरून. मग चार लोकांना न दिसलेलं ज्याला दिसतं त्याचे मार्क कापणार ना? शिवाय योग्य काय ते कळणं वेगळं, डेडलाइनच्या रात्री तसं वागणं वेगळं.

वॉर्डसिस्टर:
तुमचं कोडिंगपुरतं ठीक असेल हो. आमच्याकडे आयसीयूबाहेर नातेवाइकांशी बोलायला कुणाला पाठवायचं हे सगळ्यांना माहीत असतं, तीच बाई रोज जाते, घरी पिळून निघाल्यासारखी परतते आणि तिच्या पगारात त्याचा एक रुपया नाही. समाजशास्त्रज्ञ हॉकशिल्डबाईंनी १९८३ मध्येच एअर होस्टेसच्या कामावरून हे दाखवलं होतं की चेहरा सांभाळणं हेसुद्धा काम आहे. जे मोजलंच जात नाही त्याचे पैसे कोण देणार?

टेस्टर_हिंजवडी:
ताई, तिला पैसे मिळायलाच हवेत. पण ते त्या कामाचे द्या, अलाउन्स द्या, ड्युटी वाटून द्या. त्यासाठी तिच्या स्वभावाला नंबर कशाला? आणि लीड कसा आहे हे कळून घ्यायचंय तर त्याच्या हाताखालच्यांना विचारा.

एचआरवाली:
विचारतो की. चार जणांच्या टीममध्ये कुणी काय लिहिलं ते लीडला लगेच कळतं, म्हणून सगळे गोड लिहितात.

टेस्टर_हिंजवडी:
मग टीम सोडून गेलेल्यांना विचारा, सहा महिन्यांनी. ते खरं सांगतील.