कादंबरीला पूर्वरंग हवा की थेट आख्यान?

नदीकाठ
चार वर्षं एक कादंबरी लिहितोय, पहिलीच. १९९८ साली नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे जाणार म्हणून नात माळा आवरायला येते. तिला आजोबांच्या दुकानाच्या चोपड्या सापडतात, १९६१ पर्यंतच्या, सगळ्या कोरड्या ठणठणीत. वाडा तर पुरात बुडाला होता. मग चोपड्या कशा वाचल्या, आणि त्या वाचवताना खाली काय राहिलं, हा शोध म्हणजे कादंबरी.

त्याआधी मी चौदा पानांचा उपोद्घात लिहिलाय. १२ जुलै १९६१ ची सकाळ. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला, पाणी पेठांत शिरलं, वगैरे. एक मित्र म्हणतो हीच चौदा पानं उत्तम आहेत, बाकीचं पुन्हा लिही. दुसरा म्हणतो हीच काढून टाक. दोघांचंही ऐकलं तर हातात काहीच उरत नाही. तुमचं काय मत?

कात्रीवाली
काढा. न वाचता सांगते.

बरीच वर्षं हस्तलिखितं वाचण्याचं काम केलंय. नवोदितांच्या उपोद्घातात हमखास काय असतं सांगू? मुसळधार पाऊस, अंधार, कुणीतरी धावतंय, नाव सांगायचं नाही, शेवटी किंकाळी. पान उलटलं की "सकाळचे सात वाजले होते. मधुराने गॅसवर चहा ठेवला." लेखकालाच आपल्या चहावर भरवसा नसतो, म्हणून आधी किंकाळी.

शिवाय वाचक चौदा पानं एका माणसात जीव गुंतवतो आणि पंधराव्या पानावर तुम्ही त्याला सांगता, उतरा, गाडी बदलायची आहे. स्वारगेटला बसवून कात्रजलाच उतरवलंत तर माणूस पुढची गाडी पकडेलच असं नाही. एल्मोर लेनर्ड या अमेरिकन कादंबरीकाराने २००१ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेखनाचे दहा नियम दिले होते. त्यातला दुसराच नियम प्रोलॉग टाळा असा आहे. त्याचं म्हणणं, ती पूर्वकथाच असते, हवी तिथे पेरता येते.

गणगवळण
लेनर्डचा नियम सांगणारे पुढचं सांगत नाहीत. त्याच नियमाखाली त्याने स्टाइनबेकच्या 'स्वीट थर्सडे'मधल्या प्रोलॉगला सूट दिली आहे. असो. आपल्याला अमेरिकेला जायची गरजच काय? कीर्तनात आधी पूर्वरंग, मग उत्तररंग. तमाशात गण, गवळण, बतावणी, आणि मग वग. नाटकाला नांदी. आपला श्रोता शेकडो वर्षं आधी सूर लावून मग गोष्ट ऐकत आलाय.

आणि सूर लावणं म्हणजे वेळकाढूपणा नव्हे. शाकुंतलाची सुरुवात आठवा. नटी ग्रीष्माचं गाणं म्हणते, सूत्रधार त्यात इतका रंगतो की आज कुठलं नाटक करायचंय हेच विसरतो. नटी आठवण करून देते. पुढे अख्खं नाटक कशावर उभं आहे? राजाच्या विसरण्यावर. कालिदासाने एकही माहिती न देता विसरणं आधीच पेरून ठेवलंय. याला पूर्वकथा म्हणणार का?

कात्रीवाली
शाकुंतलाचा मुद्दा मान्य, पण तो माझ्या बाजूचा आहे. ती प्रस्तावना किती लांब आहे? सूत्रधार आला, नटी आली, गाणं झालं, राजा हरणामागे धावत आलासुद्धा. चौदा पानं नाहीत.

आणि गणाचं म्हणाल तर तमाशाचा तंबू आधी भरावा लागतो. माणसं येत असतात, कुणी अजून बिडी पेटवतंय, कुणी बसायला जागा शोधतंय. तोवर गण चालतो, वग नाही. कादंबरीचा वाचक एकटा असतो आणि तो आधीच बसलेला असतो. त्याच्यासाठी तंबू भरायचा नाहीये.

उंडगा
मी वाचनालयातला माणूस. पहिल्या प्रकरणाआधीचं सगळं वगळतो. मनोगत, ऋणनिर्देश, भूमिका, सगळं. 'श्रीमान योगी'ला कुरुंदकरांची प्रस्तावना आहे, तीसुद्धा कादंबरी संपल्यावर वाचली, आणि मग वाटलं की आधी वाचली नाही तेच बरं झालं. तिची खरी मजा नंतरच आहे.

तुमचा गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या मोठ्या माणसाने लिहिलेली, मनोगत म्हणजे स्वतःचं, आणि उपोद्घात म्हटलं की मला एखादा जाडजूड ग्रंथ दिसतो. गोष्टीचाच भाग असलेल्या त्या तुकड्याला सरळ नावच नाही. उपोद्घात लिहिलंत की माझ्यासारखा चौदा पानं एकदम उलटणार. "एक" असा आकडा घाला, गुपचूप वाचेन.

पाटीवरची अक्षरं
मी शाळेत मराठी शिकवते. ज्याला आकडा नाही असा एक उपोद्घात घरोघरी आहे आणि कुणी त्याला उपोद्घात म्हणत नाही. 'श्यामची आई'. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत, पण पहिल्या रात्रीआधी 'प्रारंभ' आहे. आश्रम, प्रार्थना झाल्यावर जमलेले मित्र, आणि त्यांच्या आग्रहावरून श्याम सांगायला लागतो.

कात्रीवाली
बाई, मुलांना विचारा, प्रारंभात काय आहे ते कुणाला आठवतं? आठवतं पोहायला घाबरलेला श्याम आणि त्याची आई.

पाटीवरची अक्षरं
नाही आठवत, खरंय. पण प्रारंभ काढून बघा. मग त्या रात्री कसल्या? नुसती प्रकरणं. मोठा झालेला श्याम ऐकणाऱ्यांना सांगतोय, मध्ये त्याचा गळा दाटून येतो, कुणी प्रश्न विचारतं, हे सगळं त्या पहिल्या काही पानांवर उभं आहे. जोतं कुणाला दिसत नाही म्हणून ते खणून काढायचं का? आणि गंमत म्हणजे तिथे किंकाळी नाही, रहस्य नाही. कोण सांगतोय आणि कुणाला, एवढंच.

कात्रीवाली
हे पटलं. जोत्याचं. माझी हरकत दारातच फटाके लावण्याला आहे.

नदीकाठ, आता तुम्हालाच विचारते, कारण आपण चौघं न वाचलेल्या चौदा पानांवर भांडतोय. त्या पानांत आजोबा आहेत का? आणि खाली काय राहिलं ते दिसतं का?

नदीकाठ
आहेत. आजोबा चोपड्या माळ्यावर चढवतात. खालच्या खोलीत भाडेकरूची म्हातारी आई झोपलेली असते, तिला हाक मारायची राहते. म्हणजे राहते की मारत नाहीत, ते मुद्दाम संदिग्ध ठेवलंय. चौदाव्या पानाच्या शेवटी पाणी उंबऱ्यावर.

कात्रीवाली
मग पुढची तीनशे पानं नात जे शोधणार ते वाचकाला चौदाव्या पानावरच कळलं. तो तुमच्या नातीच्या पुढे जाऊन तिची वाट बघत बसणार. जांभया देत.

गणगवळण
किंवा श्वास रोखून! तिला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, यातही केवढा ताण असतो. ती आजोबांच्या फोटोला हार घालते तेव्हा माझ्या पोटात कालवेल. पानशेत फुटणार हे पुण्याच्या वाचकाला तसंही माहीत आहे, तरी तो वाचणारच ना? काय झालं यापेक्षा तिला कधी कळणार, याची ओढ.

कात्रीवाली
चालेल, पण मग ती शोधाची कादंबरी राहत नाही, वेगळीच होते. नातीचा प्रत्येक संवाद बदलावा लागेल. दोन्ही एकदम जमणार नाही. हा निर्णय उपोद्घाताचा नाहीच, अख्ख्या पुस्तकाचा आहे, आणि मला वाटतं तुम्ही तो टाळताय. चौदा पानं मनापासून लिहिलीत, ग्रंथालयात बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली असतील, ती फुकट जाऊ नयेत एवढंच कारण आहे. खोटं असेल तर सांगा.

नदीकाठ
वर्तमानपत्रांचं खरं आहे. केसरीच्या फायली चार महिने चाळल्या.

(तीन आठवड्यांनी) म्हातारी काढली. म्हणजे तिथून काढली. आता दीड पान उरलंय. एक माणूस जिन्यावरून चोपड्या वर नेतोय, सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीला जिन्याची एक पायरी कमी दिसते. त्याचं नाव नाही, साल नाही, पूर हा शब्दसुद्धा नाही. सहाव्या फेरीनंतर तो खाली उतरत नाही. बस्स.

गणगवळण
आता तंबोरा लागला.

कात्रीवाली
ठेवा. "उपोद्घात" हा शब्द मात्र खोडा, नुसती कोरी जागा सोडा. आणि सहा फेऱ्या जास्त होतात, चार करा.

पाटीवरची अक्षरं
सहाच राहू द्या. वाचणाऱ्याचीही दमछाक व्हायला हवी.

उंडगा
आकडा नाही म्हणताय? मग मी ते दीड पानही उलटणार.