साखरपुड्यातील अंगठीची चाल मूळची कोठली?

प्रश्न (फोंडा):
पुढील महिन्यात भाचीचा साखरपुडा असून सोनाराकडे दोन अंगठ्या करायला टाकल्या आहेत. घरातील ज्येष्ठांच्या मते ही चाल ख्रिस्ती लग्नांतून आपल्याकडे आली. तिचे मूळ नेमके कोठे आहे? आणि अंगठी डाव्या अनामिकेतच का घालतात?

उत्तर (मडगाव):
पाणिग्रहण, लाजाहोम, सप्तपदी या आपल्या विवाहविधींत अंगठ्यांची देवाणघेवाण नाही, एवढ्यापुरते ज्येष्ठांचे म्हणणे बरोबर आहे. शाकुंतलातील अंगठी दुष्यंताच्या नावाची मुद्रा आहे, म्हणजे ओळखीची खूण. ख्रिस्ती धर्मानेही ही चाल रोमन लोकांकडून घेतली. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी लिहितो, की वाग्दत्त वधूला लोखंडाची, बिनखड्याची अंगठी पाठवण्याची रीत त्याच्या काळीही टिकून होती. पुढे ८६६ मध्ये पोप निकोलस पहिले यांनी बल्गेरियातील लोकांना लिहिलेल्या उत्तरातही वर वधूच्या बोटात अंगठी घालतो ती वाङ्‌निश्चयाच्या वेळी. चर्चमधील विवाह त्यानंतर होतो. माझ्या मते ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण साखरपुड्यात अंगठी घालणारे आपण नकळत तिला तिच्या जुन्या जागीच ठेवतो.

अनामिकेबद्दल दुसऱ्या शतकातील रोमन लेखक ऑलस गेलियस सांगतो, की त्या बोटातून एक सूक्ष्म नस थेट हृदयाकडे जाते असे इजिप्तमधील लोकांना प्रेते चिरताना आढळले होते. शरीरशास्त्राला हे मान्य नाही. शिवाय जर्मनीत लग्नाची अंगठी उजव्या हातात घालतात.

उत्तर (म्हापसा):
आमच्या इगर्जीत (चर्चमध्ये) पाद्री दोन्ही अंगठ्यांना आशीर्वाद देतात आणि वर-वधू त्या एकमेकांना घालतात. पुरुषांची अंगठी मात्र बरीच अलीकडची. इंग्लंड-अमेरिकेत ती विशेषतः दुसऱ्या महायुद्धात, घरापासून दूर गेलेल्या सैनिकांमुळे रुळली. हिऱ्याच्या अंगठीचा आग्रह १९३० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या डी बिअर्स या हिरे कंपनीच्या जाहिरातींनी वाढवला, म्हणून भाचीची अंगठी साधी असली तरी परंपरेला काहीच उणे येत नाही.

चालींची देवाणघेवाण हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही बाजूंनी झाली आहे, हेही ज्येष्ठांना अवश्य सांगावे. इन्क्विझिशनने (गोव्यातील पोर्तुगीज काळच्या ख्रिस्ती धर्मन्यायालयाने) १७३६ मध्ये विवाहातील अनेक हिंदू चालींवर बंदी घातली, तरीही आमच्या नवऱ्या आजही लग्नाआधी मामाच्या घरी चुडा भरतात, आणि त्यात हिरव्या काचेच्या बांगड्या असतातच.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. खड्याचा विचार सोडून साधे वळेच करावे, असे सोनाराला आजच कळवतो.