आरोग्य खेळातून शिकवणारं बालसंग्रहालय: सहल न्यावी की शाळेतच खोली मांडावी?

मांजराकाठ
औसा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. वर्गात ३४ लेकरं. अन्न, शरीर, स्वच्छता हे धडे होतात, प्रश्नोत्तरं तोंडपाठ असतात, आणि मधल्या सुट्टीत तीच लेकरं हात न धुता पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा फोडतात. आरोग्याच्या गोष्टी खेळता खेळता कळतील असं बालसंग्रहालय आपल्या मराठवाड्यात किंवा जवळपास आहे का? मागच्या वर्षी एका संग्रहालयात सहल नेली होती. तिथला माणूस तासभर 'हात लावू नका' एवढंच म्हणत राहिला. येताना गाडीत एका पोरीनं विचारलं, "बाई, मग आपण गेलो कशाला?" ते अजून मनातून जात नाही. शाळेत एक खोली रिकामी आहे. दोन-तीन हजारांत तिथंच काही जमत असेल तर तेही सांगा.

देवगिरी_७२
ताई, फक्त आरोग्याचं असं बालसंग्रहालय आपल्याकडं माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्या संभाजीनगरात एमजीएम या शिक्षणसंस्थेच्या आवारात एपीजे अब्दुल कलाम ॲस्ट्रोस्पेस विज्ञान केंद्र आहे, पण त्याचा भर अवकाशावर. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, तिथं मुलं स्वतःच्या हातानं वस्तू बनवून बघतात. खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी तिथं बरीच वर्षं काम केलं. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, मराठीतही. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१९ पासून मुलांचं वेगळं संग्रहालय आहे. औशाहून ही दोन्ही एका दिवसाची कामं नव्हेत. मी तुमच्या जागी असतो तर खोलीच मांडली असती.

परदेशी_लातूरकर
जर्मनीत ड्रेस्डेनला आरोग्याचं मोठं संग्रहालय आहे. १९३० साली तिथं आतले अवयव दिसतील असा पारदर्शक माणूस मांडला होता. त्याच इमारतीत पाच इंद्रियांवरचं बालसंग्रहालय आहे, तिथं सगळं हाताळायचं, ऐकायचं, हुंगायचं. 'हात लावा' हाच अशा जागेचा पाया. तेवढं धरलंत की खोली लहान असली तरी चालतं.

सिस्टर_परभणी
मॅडम, मी परिचारिका आहे. शाळाशाळांत जाऊन हे केलंय म्हणून सांगते.

घरातली जुनी सहावारी साडी आणा. साडी साधारण साडेपाच मीटर, आणि मोठ्या माणसाचं लहान आतडं साधारण ६ मीटर. म्हणजे एक साडी आणि वर हातभर कापड. आधी पोरांना ती शाळेच्या व्हरांड्यात लांब पसरू द्या, मग एका छोट्या पिशवीत भरायला सांगा. कोंबून भरली की ओढताना अडकते, निऱ्या घालून भरली की सरसर येते. एवढं लांबलचक आतडं एवढ्याशा पोटात कसं बसतं, हे मग सांगावं लागत नाही.

हात धुण्यासाठी गोडेतेलात कोळशाची बारीक पूड कालवून तळहातांना चोळा. एका गटानं नुसत्या पाण्यानं धुवायचं, एकानं साबण लावून घाईत, एकानं २० सेकंद साबणानं. काळं राहतं ते नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यांत. हळद घेऊ नका. तिचा डाग धुतल्यावरही राहतो, मग लेकरांना वाटतं साबणाचा उपयोगच नाही.

नाडी १५ सेकंद मोजायची, चारनं गुणायचं. लंगडीचा एक डाव झाला की परत मोजायची.

ज्वारीवाला
बाई, टपरीवरच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला लावा. मागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. बऱ्याच थंड पेयांत १०० मिलीला १०-११ ग्रॅम साखर असते. २५० मिलीच्या बाटलीला चहाचे पाच चमचे होतात. ते चमचे पोरांनीच मोजून पेल्यात टाकावेत. शेजारी हुरडा, जवसाची चटणी, शेंगदाणा-गुळाचा लाडू ठेवा आणि चाखू द्या. 'हे खाऊ नका' अशी पाटी मात्र लावू नका. आमची लेकरं पाटी वाचून उलट तेच मागायलेत.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी साडी आणि लंगडी केली. साडी माझ्या सासूबाईंची. भरताना सगळी पोरं एकमेकांवर ओरडत होती, 'निऱ्या घाल, निऱ्या!' आधी ९२ असलेली एका पोराची नाडी लंगडीनंतर १४४ झाली. त्याला ते खरं वाटेना, स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून तो कितीतरी वेळ बसून राहिला. आता छातीचे ठोके ऐकवायचेत. नरसाळं आणि रबरी नळी आणली आहे. सिस्टर, नळी किती लांब ठेवू?

सिस्टर_परभणी
दीड-दोन फूट पुरे. नरसाळ्याच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून बांधा, आवाज स्वच्छ येतो. आणि ऐकताना वर्ग शांत हवा.