‘जॅग’चा कणा कोण? माझं मत बड रॉबर्ट्सला

निशिगंधा_

‘जॅग’ या अमेरिकी टीव्ही मालिकेचा विषय निघाला की चर्चा फिरून फिरून एकाच जागी येते: नायक हार्म आणि नायिका मॅक यांचं जुळायला हवं होतं की नको. दहा सीझन, 227 भाग, आणि एवढंच बोलायचं? मला ठामपणे वेगळं म्हणायचं आहे. या मालिकेचा कणा बड रॉबर्ट्स आहे, आणि पॅट्रिक लॅबोर्टोने उभा केलेला हा माणूस नसता तर बाकीचा डोलारा टिकला नसता.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकी नौदल आणि मरीन कोअरमधले गुन्हे, अपघात, कोर्ट मार्शल यांचं काम पाहणाऱ्या लष्करी वकिलांची ही मालिका; जॅग म्हणजे जज अ‍ॅडव्होकेट जनरल, लष्कराची कायदा शाखा. डोनाल्ड बेलिसारियो यांनी ती निर्माण केली, ते स्वतः मरीन कोअरमध्ये होते. सप्टेंबर 1995मध्ये एनबीसीवर सुरू झाली, एका सीझननंतर बंद पडली, जानेवारी 1997मध्ये सीबीएसने पुन्हा उभी केली आणि एप्रिल 2005पर्यंत चालली. हार्म म्हणजे डेव्हिड जेम्स एलियट, मॅक म्हणजे कॅथरीन बेल, आणि त्यांचा वरिष्ठ अ‍ॅडमिरल चेगविडन म्हणजे जॉन एम. जॅक्सन.

आता बड. पहिल्या भागात तो विमानवाहू जहाजावर जनसंपर्काचं काम करणारा एक साधा एन्साइन, म्हणजे नौदलातला सर्वांत कनिष्ठ अधिकारी आहे. धांदरट, अति उत्साही, साहेबांसमोर जीभ अडखळणारा. तिथून तो जॅगच्या कार्यालयात येतो, नोकरी सांभाळून कायदा शिकतो, वकील होतो, हॅरिएटशी लग्न करतो, मुलाला अ‍ॅडमिरलचं नाव देतो. सातव्या सीझनच्या शेवटी अफगाणिस्तानात एका मुलाला वाचवायला धावताना सुरुंगावर पाय पडून त्याचा पाय जातो. आणि मग मालिका त्याला हुतात्मा करून बाजूला ठेवत नाही. आठव्या सीझनमध्ये त्याचा राग दिसतो, घरातली चिडचिड दिसते, आता नौदल आपल्याला ठेवेल का ही भीती दिसते. त्याच्यामुळे हॅरिएटची होणारी ओढाताण कॅरी टर्नरने फार संयमाने दाखवली आहे.

हार्म पहिल्या दिवशी जसा होता तसाच शेवटच्या दिवशी आहे. दहा वर्षांत खऱ्या अर्थाने वाढला तो बड. दाखवा मला दुसरं कोणी.

गलबत

निशिगंधाताई, बड आवडतो म्हणा, मीही म्हणेन. पण कणा? लोक मंगळवारी टीव्हीसमोर बसत होते ते हार्मसाठी, हार्मन रॅबसाठी. लढाऊ वैमानिक, रात्रीच्या लँडिंगला डोळ्यांनी दगा दिला म्हणून वकील झालेला, आणि वडील व्हिएतनाममध्ये विमान पडून बेपत्ता. हा माणूस प्रत्येक खटल्यात आपल्या बापालाच शोधतोय असं वाटतं. पुढे तो शोध त्याला थेट रशियापर्यंत नेतो. मालिकेला जी तगमग आहे ती इथून येते.

आणि तो बदलला नाही म्हणता? आठव्या सीझनच्या शेवटी मॅकला सोडवायला पॅराग्वेला जाता यावं म्हणून त्याने राजीनामा दिला. ज्या गणवेशासाठी आयुष्य घातलं तो उतरवून ठेवला. आणखी काय बदल हवा?

शिवाय नायिका बदलत गेल्या. पहिल्या भागात अँड्रिया पार्कर, मग पहिल्या सीझनभर ट्रेसी नीडहॅम, दुसऱ्यापासून कॅथरीन बेल. या सगळ्या फेरबदलांत मालिका तगली ती एलियटच्या खांद्यावर.

निशिगंधा_

पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत एलियटबरोबर आणखी कोण आहे? लॅबोर्टोच. पहिल्या सीझनमध्ये तो अधूनमधून दिसायचा, दुसऱ्यापासून कायमचा झाला. म्हणजे नायिका बदलल्या तेव्हा खांदा दोघांनी दिला.

राजीनाम्याचं म्हणाल तर नवव्या सीझनमध्ये हार्म परत आला आणि थोड्याच भागांत सगळं पूर्ववत झालं. बडचा पाय परत आला नाही.

कर्णधार७१

मी भारतीय लष्करात नोकरी केली आहे, कोर्ट मार्शलची कामं जवळून पाहिली आहेत. त्यामुळे माझा आक्षेप तुम्हा दोघांवरही आहे. मालिका कायद्याची म्हणायची आणि कायद्याचं बोलायचंच नाही, असं कसं?

‘जॅग’मध्ये अ‍ॅडमिरल एका सकाळी टेबलावर फाइल ठेवतो आणि म्हणतो, तू सरकारी बाजू, तू आरोपीची. दोघे एकाच मजल्यावर बसतात, एकाच साहेबाला जबाबदार असतात, संध्याकाळी एकत्र जेवतात. नाट्यासाठी हे झकास आहे. पण प्रत्यक्षात अमेरिकी नौदलात आरोपीचा बचाव करणारी आणि खटला चालवणारी कार्यालयं त्या काळीही वेगळी होती, आणि ती वेगळी ठेवण्यामागे गंभीर कारण आहे. ज्याच्या हातात तुमची बढती आहे त्याच्या मर्जीविरुद्ध आरोपीसाठी जीव तोडून लढणं सोपं नसतं.

आपल्याकडची रचना तर आणखी निराळी. 1950च्या आर्मी अ‍ॅक्टखाली चार प्रकारची कोर्ट मार्शल होतात. जनरल कोर्ट मार्शलमध्ये जॅग शाखेचा अधिकारी जज अ‍ॅडव्होकेट म्हणून बसतो, कायद्याचा सल्ला देतो, पण निकालात त्याला मत नसतं. समरी कोर्ट मार्शल कमांडिंग ऑफिसर एकटा चालवतो. अपिलासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आलं ते 2007च्या कायद्याने, त्याचं एक पीठ मुंबईत आहे. त्याआधी जवानाला उच्च न्यायालयाचे उंबरठे झिजवावे लागत.

हे सांगण्याचं कारण असं की लष्करी न्यायात खरा प्रश्न ‘खटला भरायचा की नाही हे कोण ठरवणार’ हा असतो. अमेरिकेतही तो अधिकार पिढ्यान्‌पिढ्या कमांडरकडे होता. खून, बलात्कार अशा गंभीर गुन्ह्यांपुरता तो काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे दिला गेला डिसेंबर 2023मध्ये. ‘जॅग’ने दहा वर्षांत या प्रश्नाला हात घातला, पण ओझरता. उलट हार्म न्यायालयात बंदूक घेऊन छतावर गोळ्या झाडतो आणि आपण टाळ्या वाजवतो. असल्या वकिलाला एका दिवसात घरी बसवतील.

म्हणून कणा म्हणाल तर माझं मत चेगविडनला. सगळं कार्यालय कायद्याच्या चौकटीत धरून ठेवणारा तो एकटा माणूस आहे. जॉन एम. जॅक्सन नवव्या सीझननंतर गेला आणि दहाव्यात जनरल क्रेसवेल आला. डेव्हिड अँड्र्यूज वाईट नट नाही, पण ते कार्यालय ते राहिलं नाही.

मधुरा_व्हर्जिनिया

कर्णधारकाका, चेगविडनबद्दल एकदम मान्य. पण तुम्हा तिघांनाही मॅक दिसत नाही याचा मला राग आलाय, खरंच.

1995 सालचं वातावरण आठवा. 1991मध्ये लास वेगासच्या टेलहुक संमेलनात नौदलाच्या वैमानिकांनी महिलांवर हात टाकल्याचं प्रकरण उघड झालं होतं आणि ते अजून ताजं होतं. लढाऊ विमानं उडवणाऱ्या पहिल्या बायका नुकत्याच जहाजांवर आल्या होत्या. ‘जॅग’ची सुरुवातच एका महिला अधिकाऱ्याच्या खुनाने होते, तीही विमानवाहू जहाजावर. नौदलाने सुरुवातीला मालिकेला मदत केली नाही याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

अशा मालिकेत सारा मॅकेन्झी, म्हणजे मॅक येते. मरीन कोअरची अधिकारी, दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेली, फारसी बोलणारी. कॅथरीन बेलची आई इराणी, त्यामुळे ती फारसी तिच्या तोंडी उसनी वाटत नाही. पहिल्या सीझनच्या न दाखवलेल्या शेवटच्या भागात बेलने खून झालेल्या एका अधिकारी बाईची भूमिका केली होती. एका प्रेताच्या भूमिकेतून मालिकेची नायिका झालेली ही बाई! आणि तिच्याबद्दल बोलताना आपण ती ब्रम्बी या ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याशी लग्न करते की हार्मशी एवढंच विचारतो.

शेवटचा भाग आठवतो ना? हार्मला लंडन, मॅकला सॅन डिएगो. लग्न करायचं तर एकाने नोकरी सोडायची, आणि ते कोणी हे नाणं उडवून ठरवायचं. नाणं हवेत असताना मालिका संपली. लोक निकालासाठी हळहळले. मला त्यातली बरोबरी आवडली. बाईनेच सोडायचं हे गृहीत धरलं नाही, 2005मध्ये.

रेवाकाठ

मी या सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे. ‘जॅग’ अमेरिकी लष्कराची जाहिरात होती आणि 2001नंतर ती फारच उघड झाली. एप्रिल 2002मध्ये ‘ट्रायब्युनल’ नावाचा भाग आला, अल कायदाच्या आरोपीवर लष्करी न्यायाधिकरणात खटला. त्या न्यायाधिकरणांचे खरे नियम पेंटागॉनने जेमतेम महिन्यापूर्वी जाहीर केले होते आणि भाग बनवताना त्यांच्याकडून मदत मिळाली होती. खऱ्या जगात एकही खटला उभा राहिला नव्हता, तोवर टीव्हीवर तो नीटनेटका, न्याय्य पद्धतीने चालवून दाखवला गेला. ग्वांतानामोच्या अमेरिकी लष्करी तळावरचे खटले पुढे किती वर्षं रेंगाळले ते सगळ्यांना माहीत आहे.

बडचा पायही मला याच रांगेतला वाटतो. युद्धाची किंमत दाखवली, पण ती एका शूर, निष्पाप, हसऱ्या अमेरिकी माणसाने दिलेली किंमत. सुरुंग ज्या गावात होता त्या गावाचं पुढे काय झालं?

निशिगंधा_

रेवाकाठ, ‘ट्रायब्युनल’बद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. तो भाग पाहताना मलाही अस्वस्थ व्हायला झालं होतं. युक्तिवाद दोन्ही बाजूंनी चोख होते, आणि नेमकं त्यामुळेच सगळी व्यवस्था आधीच निर्दोष असल्यासारखी वाटत होती.

पण बडबद्दल नाही. जाहिरात करायची असती तर त्याला पदक देऊन, सलाम ठोकून पुढच्या भागात कामावर आणलं असतं. इथे तो उशिरापर्यंत कृत्रिम पायाशी झगडतो, बायकोवर ओरडतो, आपल्याला दयेपोटी ठेवून घेतील का या विचाराने खचतो. भरती केंद्राच्या भिंतीवर असलं चित्र कोणी लावत नाही. गावाचं काय झालं हा प्रश्न मात्र योग्य आहे, मालिकेने तो विचारला नाही.

गलबत

मग त्याच कसोटीवर लोरेन सिंगरचं प्रकरण घ्या. नॅन्सी चेंबर्सने केलेली ही महत्त्वाकांक्षी, कोणालाच न आवडणारी वकील. तिचा खून होतो आणि संशय हार्मवर येतो. (चेंबर्स ही एलियटची खऱ्या आयुष्यातली पत्नी.) एप्रिल 2003चे हे दोन भाग, ज्यांतून नौदलातल्या गुन्ह्यांच्या तपासावरची ‘एनसीआयएस’ ही मालिका जन्माला आली. नौदलाचा लाडका नायक बेड्यांत, आणि तपास करणारा गिब्ज त्याच्या पदकांकडे ढुंकूनही बघत नाही. ही जाहिरात म्हणायची?

रेवाकाठ

दोन भागांत नायक निर्दोष सुटतो, गलबत. आणि गिब्जही पूर्वीचा मरीनच. व्यवस्था बिघडली तर व्यवस्थेतलाच सज्जन माणूस ती दुरुस्त करतो, हे ‘जॅग’चं सूत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच राहिलं. कर्णधारकाकांनी सांगितलेला बदल कायद्यात यायला त्यानंतर वीस वर्षं लागली, आणि तो आतल्या सज्जनांनी आपणहून आणला नाही, बाहेरून पीडितांनी आणि खासदारांनी रेटा लावून आणला.

कर्णधार७१

रेटा बाहेरून होता हे खरं. पण तो कायदा अमलात आणायला आतलेच वकील लागतात, आणि त्यांच्यात एखादा बड रॉबर्ट्स असावा लागतो. माझं मत अजून चेगविडनलाच आहे, निशिगंधा, पण दुसरा क्रमांक तुमच्या बडला देतो. हार्मला नाही.